स्कोपचा स्टँड घेताना टेप आधी डोळ्याला लावा

या वेळी सदरात फक्त स्पॉटिंग स्कोपच्या, म्हणजे टार्गेटवरची भोकं बघायच्या दुर्बिणीच्या, स्टँडबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : 50 मीटर रायफल प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभ्याने), दोन्ही करतो. स्कोप 20 ते 60 पटींचा, 45 अंशात वाकलेल्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) आहे. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घरात पडून आहे. तो चालेल का? नवा घ्यायचा तर किती उंचीचा?

उभं राहून मारताना चालेल. प्रोनला बहुतेक नाही चालणार, आणि अडचण वजनाची नाही, उंचीची आहे.

स्टँडचं काम एवढंच, की आयपीस डोळ्यापाशी यावा. डोकं आयपीसपाशी जाता कामा नये. प्रोनमध्ये उजव्या हाताच्या नेमबाजाचा स्कोप डावीकडे, पुढच्या हाताच्या कोपराला लागून उभा असतो. गाल दस्त्यावर तसाच ठेवून डाव्या, म्हणजे नेम न धरणाऱ्या, डोळ्याने आत बघता आलं पाहिजे. दर गोळीनंतर मान उचलावी लागली तर गालाची जागा बदलते, खांदा सुटतो आणि पुढची गोळी नव्या बैठकीतून जाते. मग ग्रूप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) का पसरतोय हे बंदुकीत शोधत बसावं लागतं.

आता मोजमाप. बैठक नीट घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची टेपने मोजायला सांगा. तिन्ही बैठकींची वेगवेगळी घ्या. मग स्कोप टेबलावर ठेवून त्याच्या पायाच्या (स्टँडला जोडायच्या) पट्टीपासून आयपीसच्या कडेपर्यंतची उभी उंची मोजा. पहिल्यातून दुसरी वजा केली की स्टँडची बैठक, म्हणजे स्कोप जिच्यावर बसतो ती जागा, जमिनीपासून किती उंचीवर हवी ते कळतं. समजा, प्रोनमध्ये डोळा 35 सेंटीमीटरवर आहे आणि आयपीस पट्टीच्या 12 सेंटीमीटर वर आहे. म्हणजे बैठक 23 सेंटीमीटरवर यायला हवी. उभ्याने डोळा 155 वर असेल तर बैठक 143 वर.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड इथेच अडतो. मधला दांडा जमिनीला टेकतो, ट्रायपॉडचं डोकं स्वतःच 10 सेंटीमीटर खातं आणि बैठक 40 च्या खाली येत नाही. पाय फाकवून उंची कमी केलीच, तर तेच पाय कोपराखाली किंवा शेजाऱ्याच्या जागेत जातात.

थ्री पोझिशनला तीन पायांचा जड तळ आणि दोन-तीन तुकड्यांत जोडायचा उभा रॉड, हा प्रकार सोयीचा. प्रोनला एकच तुकडा लावायचा, नीलिंगला दुसरा जोडायचा, स्टँडिंगला तिसरा. स्कोप रॉडच्या माथ्यावर न बसता रॉडवर सरकणाऱ्या आडव्या हातावर बसला पाहिजे. तरच तो तळाच्या अगदी जवळ उतरतो आणि तळ कोपरापासून लांब राहतो. फक्त प्रोनच करणाऱ्याला दोन पाय आणि मागे टेकू असलेला ठेंगणा स्टँड पुरेसा आहे. तो हलका असतो आणि पिशवीत जागा खात नाही.

रॉडचा स्टँड बघताना तीन जागा तपासा. पहिली, रॉडचे सांधे. आटे पूर्ण बसल्यावर दोन्ही तुकड्यांचे खांदे एकमेकांना टेकले पाहिजेत. फट राहिली तर सगळा भार आट्यांवर येतो आणि रॉड डुलतो. दुसरी, सरकणाऱ्या हाताखालची सुटी कडी. ती स्वतंत्र स्क्रूने रॉडवर आवळलेली असते. वरचा स्क्रू निसटला तरी स्कोप कडीवर अडतो, तळावर आदळत नाही. कडी नसेल तर ती लावून घ्या. तिसरी जागा तळाची, आणि तिथे भूमिती आहे. पाय मध्यापासून 30 सेंटीमीटर लांब असतील, तर पायाच्या दिशेने आधार 30 पर्यंत मिळतो, पण दोन पायांच्या मधल्या दिशेने फक्त 15 पर्यंत. आडवा हात 25 सेंटीमीटर बाहेर असेल आणि स्कोप नेमका दोन पायांच्या मध्ये लोंबत असेल, तर एका धक्क्यात स्टँड आडवा होईल. म्हणून एक पाय कायम स्कोपच्या खाली आणा.

स्कोपला गोल फिरणारी कॉलर असेल तर तिचा स्क्रू सैल करून आयपीस आपल्या चेहऱ्याकडे कलवा. प्रोनमध्ये सरळ वर बघणारा आयपीस मान वाकवायला लावतो.

प्रश्न : टार्गेट बरोबर मधोमध आणून स्क्रू आवळतो. हात काढला की चित्र सरकतं. आणखी आवळलं तरी तेच. स्कोप खराब आहे का?

स्कोपवर संशय घेण्याआधी साधा हिशेब करा. स्कोप 300 मिलिमीटर लांब धरला आणि एक टोक 1 मिलिमीटर खाली गेलं, तर 50 मीटरवर नजर सुमारे 17 सेंटीमीटर सरकते. 300 मीटरवर पूर्ण एक मीटर. 50 मीटर रायफलच्या टार्गेटचं 10 गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे, हे लक्षात घेतलं की एक मिलिमीटर किती मोठा ते कळेल.

बहुतेक वेळा दोष बॉल हेडचा, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणाऱ्या डोक्याचा असतो. आवळताना गोळा किंचित फिरतो आणि हात काढल्यावर स्कोपच्या जड बाजूला बसतो. स्कोप त्याच्या तोलाच्या जागी धरला नसेल तर हे जास्त होतं. पायाची पट्टी लांब असेल तर स्कोप पुढेमागे सरकवून, स्क्रू सैल असतानाही तो जागीच थांबेल अशी जागा शोधा. मग आवळायला जोर लागत नाही. तरीही सरकला, तर वरखाली आणि डावीउजवीकडे यांचे स्क्रू वेगळे असलेलं डोकं घ्या. नेमबाजीला बॉल हेडची गरज नाही. दिवसभर एकाच टार्गेटकडे बघायचं असतं.

दुसरं कारण स्कोप आणि बैठक यांच्यामधलं. पायाचा स्क्रू बहुधा पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा असतो. तो लांब असेल तर स्कोपच्या भोकात तळाला टेकतो. आपल्याला वाटतं आवळला, पण पट्टी सैलच राहते. स्कोप हातात धरून पट्टीवर पिळून बघा. जराही फिरला तर स्क्रूच्या डोक्याखाली पातळ वॉशर घाला. जोर लावू नका, आतले आटे जातील. पट्टी आणि बैठक यांच्यामधला मऊ रबरही दाबून दाबून नजर सरकवतो. तिथे पातळ बूच बरं.

प्रश्न : वारा सुटला की 60 पटींवर काहीच दिसत नाही. स्टँड बदलावा का?

आधी पट कमी करा. 60 मिलिमीटरच्या भिंगातून 60 पटींवर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत फक्त 1 मिलिमीटर जाड असतो. 30 पटींवर 2. चित्र उजळ होतं, थरथर निम्मी दिसते आणि 50 मीटरवर .22 च्या गोळीचं साडेपाच मिलिमीटरचं भोक 30 पटींवर दिसतं.

मग स्टँडकडे या. 40 पटींवर टार्गेट लावा, रॉडवर बोटाने एक टिचकी मारा आणि चित्र थांबेपर्यंत मोजा. दीड-दोन सेकंदांत थांबलं तर स्टँड ठीक आहे. पुढेही हलतच राहिलं तर रॉड जास्त वर काढलाय का, सांधा सैल आहे का, ते बघा. तळाजवळ वाळूची पिशवी बांधा, पण तिचा थोडा भाग जमिनीला टेकलेला असू द्या. लोंबती पिशवी वाऱ्यात स्वतःच झोके घेते.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: स्टँडचा एक पाय आपल्या अंगाखालच्या मॅटवर. आपण श्वास घेतला, कोपर हललं, बोल्ट (रायफलमध्ये गोळी भरायचा खटका) ओढला, की मॅट हलते आणि तिच्याबरोबर स्कोप. तिन्ही पाय मॅटच्या बाहेर ठेवा, काँक्रीटवर रबरी आणि गवतावर टोकदार.

वारा वाचण्यासाठी, म्हणजे गरम हवेच्या लाटा कुठे वाहतात ते बघण्यासाठी, स्कोप वापरत असाल तर फोकस टार्गेटच्या अलीकडे, अर्ध्या ते दोन तृतीयांश अंतरावर आणा. त्या लाटा तिथे स्पष्ट दिसतात. फोकसच्या चाकाला हात लावताच टार्गेट दृष्टीबाहेर जात असेल, तर वरच्या प्रश्नातलं डोकं इथेही दोषी आहे.

प्रश्न : बेंचवरून सराव करतो. बेंचला आवळायचा क्लॅम्प घ्यावा का?

नको. प्रत्येक गोळीचा धक्का आणि आपल्या कोपराचं वजन थेट स्कोपमध्ये जातं. बेंचला न टेकणारा, जमिनीवरचा रॉडचा स्टँड शेजारी ठेवा.

प्रश्न : मी डावखुरी आहे, पण रायफलचा बोल्ट उजवीकडचा आहे. स्कोप कुठे ठेवू?

उजवीकडेच, कारण तुमचा मोकळा डोळा उजवा. पण गोळ्यांच्या रिकाम्या केसेसही (पुंगळ्या) त्याच बाजूला उडतात. दहा गोळ्या मारून त्या कुठे पडतात ते बघा आणि आडवा हात त्या वाटेच्या पुढे सरकवा. एवढं करताना स्टँडचा कुठलाही भाग नळीच्या तोंडापुढे जाऊ देऊ नका. स्टँड हलवायचा झाला तर रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, सुरक्षा ध्वज (रायफल रिकामी असल्याची खूण) घालून खाली ठेवा, मगच उठा.

प्रश्न : आमच्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत. मग हे सगळं हवंच का?

गोळी कुठे लागली ते मॉनिटर सांगतो, त्यासाठी नको. 50 आणि 300 मीटर रायफलमध्ये बंदुकीला न जोडलेला स्कोप वारा बघायलाही वापरता येतो, आणि उघड्या रेंजवर तेवढ्यासाठी तो ठेवावा. 10 मीटरला नको. कागदावर सराव करत असाल तर एवढंच बघा, की स्कोपचा फोकस 10 मीटरच्या आत येतो का. काहींचा येत नाही, आणि स्टँड कितीही चांगला असला तरी त्यावर इलाज नाही.