क्लाइव्ह हे आडनाव, मग ते पहिलं नाव कसं झालं?

तुमचा प्रश्न असा: रॉबर्ट क्लाइव्हमधलं 'क्लाइव्ह' हे तर आडनाव, मग वसई-वांद्र्याकडच्या ख्रिस्ती मुलांचं ते पहिलं नाव कसं? आणि ज्याने देश लुटला त्याचं नाव मुलाला कोण ठेवतं?

मला हा प्रश्न सातवीतच पडला होता. वसईला माझ्याच बाकावर एक क्लाइव्ह बसायचा. इतिहासाच्या तासाला प्लासीची लढाई आली, सरांच्या तोंडून ते नाव निघालं आणि अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला. तो पुस्तकात डोकं खुपसून बसला. मधल्या सुट्टीत पोरं त्याला "मीर जाफर कुठाय रे?" विचारत होती.

आधी आडनावाचं बघू. इंग्लंडात श्रॉपशर आणि चेशर हे दोन परगणे एकमेकांना लागून आहेत, आणि दोन्हींत क्लाइव्ह नावाचं गाव आहे. जुन्या इंग्रजीत 'क्लिफ' म्हणजे कडा किंवा उतार. गावावरून आडनाव घ्यायची रीत आपल्याला नवी नाही. आपण मागे 'कर' लावतो, त्यांच्याकडे गावाच्या आधी 'द' (de, म्हणजे 'चा') लागायचा, तो पुढे गळून गेला. गावं लहान, त्यामुळे आडनावही विरळच राहिलं. रॉबर्ट १७२५ साली श्रॉपशरमध्येच जन्मला.

आता ते पुढे कसं सरकलं? आईच्या माहेरचं किंवा आदर वाटणाऱ्या माणसाचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची इंग्रजांत जुनी चाल आहे. सिडनी, स्टॅन्ले, पर्सी, नेल्सन ही सगळी मुळात आडनावंच. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण माणसाचं स्वतःचं नाव उचलतो. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं, ते रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या क्रिकेटपटूंवरून. कन्हायमधलं 'रोहन' घेतलं, आडनाव नाही घेतलं.

प्लासीनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पिढ्या घालवलेल्या इंग्रज घरांना क्लाइव्ह वीर वाटायचा, म्हणून त्या घरांत हे नाव शिरलं. पण ते सर्वदूर गेलं त्यात मोठा हात थॅकरेचा. कलकत्त्यात जन्मलेल्या या लेखकाची 'द न्यूकम्स' ही कादंबरी १८५३ ते १८५५ या काळात क्रमशः छापून आली. तिचा नायक क्लाइव्ह न्यूकम, कंपनीच्या फौजेतल्या कर्नलचा मुलगा. (हाच तो थॅकरे, ज्याच्यावरून प्रबोधनकारांनी आपल्या 'ठाकरे'चं इंग्रजी स्पेलिंग घेतलं असं सांगतात.) पुढे १८९८ मध्ये बेलफास्टला जन्मलेल्या लेखक सी. एस. लुईसच्या नावातला 'सी' म्हणजेही क्लाइव्हच.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचं की खुद्द रॉबर्टच्या थोरल्या घरातून तोवर हे आडनाव गेलेलं होतं. त्याचा मुलगा एडवर्ड, जो मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याची बायको हर्बर्ट घराण्यातली. त्या घराण्याची इस्टेट आली आणि नातवाने १८०७ मध्ये आडनाव बदलून हर्बर्ट करून घेतलं. घरच्यांनी टाकलेलं आडनाव परक्यांच्या पोरांचं पाळण्यातलं नाव झालं!

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुमचा राग मला समजतो. १७५६ मध्ये वॉटसनच्या इंग्रजी आरमाराबरोबर येऊन तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडणाऱ्यांत हाच क्लाइव्ह होता, कोकणच्या माणसाने ते नाव प्रेमाने घ्यावं असं काहीच नाही. पण नाव ठेवणारा दर वेळी मूळ पुरुषापर्यंत जात नाही, त्याला जो माहीत असतो त्याच्यावरून तो ठेवतो. इंग्रजी नावं साम्राज्यभर पसरली, तशी ती वेस्ट इंडीजच्या घरांतही रुजली. १९४४ साली ब्रिटिश गयानात, जॉर्जटाउनला जन्मलेला क्रिकेटपटू क्लाइव्ह लॉइड हा तिथलाच.

जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिलीवहिली कसोटी झाली आणि लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. द्विशतक झाल्यावर त्याचं अभिनंदन करायला एक पोरगा मैदानात धावला, त्याला पोलिसांनी बडवलं आणि सगळं स्टेडियम खवळलं. माझ्या मित्राचे बाबा त्या दिवशी तिथे होते. माझा मित्र त्याच वर्षी जन्मला.

प्लासीच्या त्या धड्यानंतर तो घरी जाऊन रडला. बाबांनी त्याला काही समजावलं नाही, खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेलं पिवळं पडलेलं कात्रण होतं: चष्मेवाला, किंचित पोक काढून उभा असलेला लॉइड. "हा तुझा क्लाइव्ह," एवढंच म्हणाले. कात्रण सोलून वर्गात न्यायचा त्याने प्रयत्न केला, पण कोपरा फाटायला लागला. मग दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हा चौघांना तो ते झाकण बघायला घरी घेऊन गेला.