नातवंडांकडे गाडीने जाताना : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या महिन्यात ‘आम्ही दोघंच गाडी घेऊन मुलांकडे निघालो आहोत’ अशा अर्थाची बरीच पत्रं आली. वृद्धांवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून सांगते, मला या पत्रांचा आनंद झाला. जावं. फक्त नकाशा बघून बेत आखू नये, स्वतःचं शरीर बघून आखावा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, पत्नी ६७ वर्षांची. मुलगी ११०० किलोमीटरवर राहते. पूर्वी पहाटे तीनला निघून हे अंतर मी एका दमात कापलं आहे. आता दोन दिवसांत जमेल का?

जमेल कदाचित, पण मी तीन दिवस धरायला सांगेन. किलोमीटर मोजू नका, तास मोजा. दिवसाला पाच तास, फार तर सहा तास गाडी चालवायची. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं आणि थांबलं की गाडीतून खाली उतरायचं. सीट मागे करून बसून राहिलात तर पाठ, गुडघे आणि पोटऱ्या यांना काहीच विश्रांती मिळत नाही.

पहाटे तीनला निघायचा बेत मात्र सोडून द्या. रस्ता मोकळा मिळतो हे खरं, पण मध्यरात्र ते सकाळी सहा ही शरीराच्या घड्याळानुसार सर्वांत गाढ झोपेची वेळ असते. दुपारी दोन ते चारच्या सुमारासही अशीच, थोडी हलकी गुंगी येते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. चार सेकंद डोळा लागला की १०० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून ही झोप जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला अर्धा तास लागतो. म्हणून झापड येतेय असं वाटलं की सुरक्षित जागी गाडी थांबवा, कॉफी प्या, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून पडा, आणि पूर्ण जाग आल्यावरच निघा. तरी डोळे जड वाटले तर त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपवा.

संध्याकाळचंही तसंच. वयानुसार डोळ्यातली बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलीला पोहोचायचा दिवस सांगा, वेळ सांगू नका. ‘आम्ही तुमच्यासाठी जेवायचे थांबलोय’ असा फोन आला की शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये आपोआप पाय दाबला जातो आणि थांबा टाळला जातो. तुमची मुलगी हे वाचत असेल तर तिला माझी विनंती आहे : जेवून घ्या, आणि वाटेत त्यांना फोन करू नका. थांबले की तेच करतील.

प्रश्न : मला इन्सुलिन चालू आहे आणि गाडी मीच चालवतो. बर्फाच्या डब्यात ठेवलं तर चालेल ना?

थेट बर्फाला लावून ठेवू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला टिकते. तुमच्या प्रकारासाठी नेमके दिवस आणि अंश सोबतच्या कागदावर छापलेले असतात, ते बघा. खरा धोका उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा आहे. बाहेर ३५ अंश असतील तर तासाभरात आतलं तापमान ५० च्या पुढे जाऊ शकतं. म्हणून खाली उतरताना औषधांची पिशवी आणि शुगर मोजायच्या पट्ट्या सोबत घेऊनच उतरायचं.

गाडी सुरू करण्याआधी आणि नंतर दर दोन तासांनी शुगर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. ७० च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही. चालवताना घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा सुधारला तरी लगेच निघू नका. मेंदू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, पाऊण तास तरी जाऊ द्या. आणि ग्लुकोज डिकीतल्या बॅगेत नको, हात पोहोचेल असं ठेवा.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे. सारखं ‘गाडी थांबवा’ म्हणायला संकोच वाटतो, म्हणून प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाही आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळीही घेत नाही. काही बिघडतं का?

बिघडतं, ताई. आणि हा संकोच कितीतरी जणींना आहे. पाणी तोडलं की उतरताना चक्कर येते, तोल जातो. माझ्याकडे अशा पडण्यातून मोडलेली मनगटं घेऊन बायका आल्या आहेत. लघवीचा संसर्ग बळावतो. शिवाय चार तासांपेक्षा जास्त वेळ हलचाल न करता बसलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दिवसभर घोट घोट पाणी प्या. बसल्या जागी टाचा आणि चवडे आलटून पालटून उचलत राहा. प्रवासात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालयात जा.

गोळी स्वतःहून बंद करू नका. पुष्कळदा तिची वेळ मुक्कामाला पोहोचल्यानंतरची करता येते, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. थांबण्याबद्दल मला तुमच्याशी नाही, तुमच्या यजमानांशी बोलायचं आहे : त्यांनी म्हणायची वाट बघू नका. स्वच्छतागृह दिसलं की गाडी थांबवा.

प्रश्न : पेसमेकरवर सीटबेल्टचा पट्टा येतो. काढला तर?

काढू नका. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मऊ घडी ठेवली तर बोचत नाही. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसवा. पेसमेकर नुकताच बसवला असेल तर प्रवासाला कधी निघायचं ते आधी विचारा.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे. गाडीनेच येणार म्हणतात. ‘चालवू नका’ म्हटलं की बोलणं बंद करतात. काय करू?

तुमची काळजी मला पूर्ण समजते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या वडिलांना मी फोनवरच सांगितलं, ‘आता गाडी विका.’ त्यांनी विकली, आणि त्यासोबत आत्याकडे जाणंही सोडलं. दोन वर्षं त्या बहीण-भावांची भेट झाली नाही, याला मी कारण होते.

७६ हा आकडा काही सांगत नाही. त्यांच्या शेजारी तासभर न बोलता बसा आणि बघा. ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? बाजूने आलेली दुचाकी उशिरा दिसते का? गाडीवर नवे ओरखडे आहेत का? तुमचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेककडे जातो का? मग डोळे तपासून घ्या, त्यात काचबिंदूसाठी बाजूची नजरही. ती जाते तेव्हा माणसाला स्वतःला बहुधा कळत नाही. रात्रीच्या झोपेच्या गोळ्या आणि सर्दीची काही औषधं सकाळीही गुंगी ठेवतात, तेव्हा सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर मांडा.

यातून काही चिंतेचं निघालं तर चाक सोडायला सांगा, प्रवास नको. ‘बाबा, मी येतो, मी चालवतो, रस्ता तुम्ही सांगा,’ असं म्हणून बघा. आम्ही आत्याकडे शेवटी तसेच गेलो. वडिलांनी कुठे थांबायचं ते प्रत्येक ठिकाण ठरवलं.

प्रश्न : दोन दिवस प्रवास करून गेलो आणि अडीच वर्षांचा नातू आम्हाला बघून रडत आईमागे लपला. फार वाईट वाटलं.

वाटणारच. पण त्याने तुम्हाला नाकारलं नाही. पडद्यावरचा आपला चेहरा ओळखणाऱ्या मुलालाही आपला खरा आकार, आवाज, वास नवा असतो. पुढच्या वेळी आल्या आल्या उचलायला जाऊ नका. आधी हातपाय धुऊन थोडं पडा; दमलेला चेहरा मुलांना पटकन कळतो. मग खाली जमिनीवर बसा. त्याच्यासाठी आणलेलं खेळणं हातात देऊ नका. पिशवी शेजारी उघडी ठेवा आणि त्याच्या आईशी गप्पा मारत राहा.