शाकाहारी, सामिष की नुसतंच ‘खात नाही’?

प्रश्न थोडक्यात असा: तीन दिवसांच्या निवासी शिबिराचा अर्ज मराठीत करायचा आहे. जुन्या अर्जात ‘व्हेज / नॉनव्हेज’ असे दोन चौकोन होते. तिथे ‘शाकाहारी / मांसाहारी’ लिहिलं तर एकाने हरकत घेतली: मांसाहारी वाघ असतो, माणूस भाजी-भाकरीही खातो, तेव्हा ‘मिश्राहारी’ लिहा. दुसऱ्याने ‘सामिष / निरामिष’ सुचवलं. शिवाय नुसती अंडी खाणारे, नुसते मासे खाणारे आणि व्हीगन (दूध-मधासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे), यांच्यासाठी मराठीत एकेक शब्द आहे का?

आधी वाघाचं बघू. शाक + आहार + ई हा शब्द कोशातल्या अर्थाने तपासायचा ठरवला तर शाकाहारीसुद्धा कुणी उरत नाही, कारण शाक म्हणजे भाजीपाला आणि आपल्या ताटात भात, वरण, तूप, ताक असतं. शब्दाची फोड म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. फराळ हा शब्द फलाहारावरून आला. आता दिवाळीच्या फराळातली चकली कोणत्या झाडाला लागते ते विचारू नये. मांसाहारी म्हणजे ‘जो मांसही खातो तो’ हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे. मिश्राहारी, सर्वाहारी हे जीवशास्त्राच्या तासाला ठीक. अस्वल आणि कावळा त्यात बसतात. अर्जात ‘मी मिश्राहारी’ अशा खुणेने आचाऱ्याला काहीच कळणार नाही.

सामिष-निरामिष ही जोडी संस्कृतातल्या आमिष या शब्दाची. आमिष म्हणजे मांस. गळाला किंवा सापळ्याला मांसाचा तुकडा लावतात, म्हणून भुलवण्यासाठी पुढे केलेली वस्तू हा त्याचा दुसरा अर्थ, आणि मराठीत तेवढाच उरला: नोकरीचं आमिष, पैशाचं आमिष. मूळ अर्थ फक्त सामिष आणि निरामिष या दोन रूपांत शिल्लक आहे. ही विशेषणं जेवणाची आहेत, माणसाची नाहीत. ‘सामिष भोजन’ बरोबर, ‘मी सामिष आहे’ हे ‘मी खाद्य आहे’ म्हटल्यासारखं. माणसासाठी निरामिषाहारी असं लांबलचक रूप करावं लागतं आणि तिथेच त्याची उपयुक्तता संपते. (बोलताना ‘मी व्हेज आहे’ सर्रास म्हणतात. तेही तसंच, पण ते आता रुळलं आहे. हसू येत नाही.)

बंगालीत निरामिष रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, पण तिथे त्याची रेघ वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. बंगाली निरामिष जेवणात कांदा-लसूणही नसतो. आणि कालीच्या नैवेद्याचं, कांदा-लसूण न घालता शिजवलेलं मटण, त्याला तिथे ‘निरामिष मांग्शो’ म्हणतात, अक्षरशः निरामिष मांस. तेव्हा शिबिराला कोलकात्याहून कुणी येणार असेल तर ‘निरामिष’ वाचून त्याची अपेक्षा भलतीच होईल.

आता मुद्द्याची गोष्ट. खाण्याबद्दल मराठी माणूस नेमकं बोलतो, पण ते नामांतून नाही. क्रियापदांतून. ‘तुम्ही खाता का?’ एवढाच प्रश्न, कर्म गाळलेलं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की मटण-मच्छीबद्दल विचारलं आहे. ‘आमच्याकडे खात नाहीत’ म्हणजे घर शाकाहारी, उपाशी नव्हे. ‘घेता का?’ म्हटलं की दारू, तसंच हे. या गाळलेल्या कर्मामुळे गमतीही होतात. ‘खात-पीत नाही’ ही मुलाची शिफारस असते, तर ‘खातंपितं घर’ ही घराची. आणि ‘साहेब खातात का?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलापाशी विचारला तर ठीक, कचेरीच्या दारात विचारला तर त्याचा अर्थ निराळा.

‘खात नाही’ यात सवय किंवा घरची रीत सांगितलेली असते. ‘आवडत नाही’ यात आवड. इथे यजमान आग्रह करू शकतो, ‘आमच्या हातचं एकदा खाऊन तर बघा’. ‘चालत नाही’ म्हटल्यावर आग्रह थांबला पाहिजे, कारण ‘मला चालत नाही’ या रचनेत नकार बोलणाऱ्याचा राहत नाही, तो नियमाचा होतो. नियम देवाचा, घराण्याचा, वैद्याचा, कुणाचाही असो. ‘सोडलं’ याचा अर्थ पूर्वी खात होतो, आता ठरवून नाही. हे सगळ्यात स्वतःचं क्रियापद, आणि त्यामागे बहुतेक वेळा एखादी घटना असते. ‘बंद केलंय’ मध्ये कर्ता डॉक्टर. ‘माळ घातली’ हे तर अख्खं वाक्यच एक शब्द झालं आहे: वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटलं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून गावाकडे ‘ते माळकरी आहेत’ एवढं सांगितलं की स्वयंपाक ठरतो.

आणि ‘पाळणे’. ‘सोमवार पाळतो’, ‘श्रावण पाळतो’. महाराष्ट्रात पुष्कळ माणसं आठवड्याच्या ठरावीक दिवशी शाकाहारी असतात, बाकी दिवशी नसतात. दोन चौकोनांचा अर्ज इथेच फसतो. ‘आज माझा वार आहे’ या वाक्यात वार म्हणजे न खाण्याचा दिवस. याची उपासाशी गल्लत करू नये. उपास असलेल्याला साबुदाणा, वरी, शेंगदाणे लागतात. वार असलेल्याला साधं वरण-भात-भाजी पुरतं. ‘वार’ ऐकून पानात साबुदाण्याची खिचडी वाढली की माणूस अर्धपोटी राहतो.

श्रावणावरून एक आडवळण. आषाढी अमावास्येच्या गटारीचं मूळ रूप ‘गतहारी’ आहे, ‘गेला आहार ज्यात ती’, असा मजकूर दरवर्षी फोनवर फिरतो. गत + आहार यांचा संधी गताहार होतो, गतहार होत नाही. त्यातून गताहारी केलं तरी मधल्या ‘त’चा ‘ट’ का व्हावा आणि ‘ह’ कुठे गेला, हे उरतंच. गटारी हा गटारावरून केलेला थट्टेचा शब्द आहे आणि तसाच राहू द्यावा. त्याच धर्तीचा, पण सोवळ्या बाजूचा दिवस म्हणजे कांदेनवमी, आषाढ शुद्ध नवमी: दोन दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागणार, चार महिने कांदा-लसूण-वांगी बंद, म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ.

प्रदेशाप्रदेशाचे शब्दही बघण्यासारखे आहेत. गोव्यात आणि तळकोकणात शिवराक म्हणजे शाकाहारी, माणूसही आणि जेवणही. ‘आज शिवराक’ म्हटलं की संपलं. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत वशाट म्हणजे मटण-मासे. जत्रेत पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. इथे गोडा म्हणजे साखरेचा असेलच असं नाही, खारा म्हणजे मात्र मटणाचा. कोकणात काही घरांत गौरीला तिखटा सण असतो, तोही तसाच. म्हणजे गोड, खारं, तिखट या चवी नुसत्या चवी राहिलेल्या नाहीत. ‘अभक्ष्य भक्षण’ हा जुना शब्द मात्र अर्जातच काय, कुठेच वापरू नये. त्यात वर्णन कमी, निवाडा जास्त.

मटण हा इंग्रजी मटन, त्याच्याही मागे फ्रेंच मुतों, म्हणजे मेंढी. मराठीत आल्यावर तो आधी बोकडाचा झाला आणि मग एवढा सैल झाला की ‘कोंबडीचं मटण’ही म्हणतात. यातही लोकांची निवड असते. पुणे जिल्ह्यातल्या वाडे बोल्हाई इथल्या बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांना बोकडाचं चालत नाही, मेंढीचं चालतं. म्हणून दुकानावर किंवा खानावळीवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असते. फिरून फिरून शब्द एका देवीच्या नियमामुळे त्याच्या मूळच्या प्राण्यापाशी परतला.

मासे हे बोलीत ‘मटणा’त मोडत नाहीत, ‘मटण-मच्छी’ असा जोडशब्द करतो तो त्यामुळेच. मासे चालतात पण मटण नाही, अशांसाठी मत्स्याहारी हा चांगला, वापरात असलेला शब्द आहे. अंड्यांसाठी अंडाहारी व्याकरणाने चोख होतो, पण तोंडात बसत नाही. लोक ‘फक्त अंडं चालतं’ म्हणतात आणि तेच स्पष्ट आहे. कायद्याच्या भाषेत हा मधला वर्ग नाहीच. पाकिटावरच्या खुणांच्या नियमात अंडं मांसाहारी बाजूला जातं, तर दूध आणि मध हिरव्या ठिपक्याच्या बाजूला राहतात. (मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, 2020 च्या नियमांत तिचा तपकिरी त्रिकोण झाला, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही कळावं.)

हिरवा ठिपका दुधाला चालतो म्हणूनच व्हीगन लोकांसाठी तो पुरेसा नाही, आणि ‘शुद्ध शाकाहारी’ही पुरेसं नाही. आपल्याकडे ते विशेषण माणसापेक्षा स्वयंपाकघराचं आहे: इथे मांस-मच्छी-अंडं शिजत नाही, तूप मात्र सढळ हाताने. व्हीगन हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी व्हेजिटेरियनची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून केला. तो तसाच घ्यावा. ‘निर्दुग्ध शाकाहारी’सारखे शब्द घडवले तर मध राहून जातो. दुधाच्या बाबतीत शब्द किती निसरडा असतो याचं उदाहरण गांधीजींचं आहे. 1912 साली त्यांनी दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारात कस्तुरबांनी सुचवलं, शेळीचं घ्या, आणि त्यांनी ते घेतलं. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, पण दूध म्हणजे सगळ्या प्राण्यांचं हा अर्थ त्यात होताच, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आणि ती बोच त्यांच्या मनात राहिली.

तर अर्ज. दोन चौकोनांऐवजी ‘जेवणात काय चालतं? जे चालतं त्यावर खूण करा’ असं लिहा आणि पुढे हे द्या: दूध-दही-तूप, मध, कांदा-लसूण, बटाटा व इतर कंद, अंडी, मासे, कोंबडी, मटण. शेवटी ‘यातलं काहीच चालत नाही’ असा एक वेगळा चौकोन ठेवा, नाहीतर घाईत काहीच न भरलेला अर्ज आणि व्हीगन-जैन माणसाचा अर्ज सारखेच दिसतील. ‘जे चालत नाही त्यावर खूण करा’ असं उलटं विचारू नका; निम्मे लोक सवयीने चालतं त्यावरच खूण करतात. ‘जैन’ असा चौकोन नको, तो धर्म विचारल्यासारखा वाटतो. कंदांचा चौकोन तेच काम करतो. ‘न चालणारे वार’ यासाठी एक ओळ मोकळी सोडा. शिबिर शुक्रवार ते रविवार असेल तर शनिवारी मटण करण्याआधी ती ओळ मोजा, निम्मं मटण उरेल की काय ते आधीच कळेल.

आणखी एक प्रश्न विचारावाच: ‘त्याच भांड्यातलं चालतं का?’ काही जण फोडी बाजूला काढून रस्सा घेतात, काहींना डावसुद्धा वेगळा लागतो, आणि दोघंही ‘शाकाहारी’वर खूण करतात. आचारी एकच रस्सा उकळून अर्ध्यात मटण सोडतो तोवर ठीक. मटणाच्या अळणी पाण्यात भाजीचा रस्सा वाढवला तर तो शाकाहारी राहत नाही.

लिहिताना चुका कुठे होतात तेही सांगतो. ‘शाखाहारी’ लिहू नका, शाखा म्हणजे फांदी, ते जिराफाला. ‘मांसाहारी’तला अनुस्वार ‘मा’वर हवा: ‘मासांहारी’ निरर्थक, आणि अनुस्वार साफ गाळून ‘मासाहारी’ केलं तर मास म्हणजे महिना. ‘सामीष’ नाही, सामिष, मि ऱ्हस्व. आणि मराठीत मटण, ‘ण’ने, ‘मटन’ हिंदीतून येतं. छापायला टाकण्याआधी हे चार शब्द एकदा डोळ्यांखालून घाला, संगणकाची तपासणी ‘शाखाहारी’ला अडवेलच असं नाही.