खरेदी संगणकाच्या हाती देण्याआधी

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

अंबडच्या इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात खरेदीचे काम तुझ्याकडे आले असून, सर्व पुरवठादारांची खरेदी ईआरपीवर (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणून इंडेंटपासून (मालाच्या अंतर्गत मागणीपासून) बिलापर्यंतचे टप्पे आपोआप चालावेत अशी व्यवस्थापनाची अपेक्षा आहे, हे तुझ्या पत्रावरून समजले. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तो निर्णय महिनाभर लांबला तरी काही बिघडत नाही. खरे काम त्याआधीचे आहे. तुमच्या खरेदीतले जे संकेत आज स्टोअरकीपरच्या आणि जुन्या परचेस ऑफिसरच्या डोक्यात आहेत, ते नेमक्या शब्दांत लिहून काढ. संगणक लिहिलेलेच पाळतो.

सुरुवात आयटम मास्टरपासून, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीपासून कर. एम ८ × २५ चा एकच हेक्स बोल्ट एका नोंदीत ‘बोल्ट ८ × २५’, दुसरीत ‘हेक्स बोल्ट एम ८’ आणि तिसरीत पुरवठादाराच्या कॅटलॉग क्रमांकाने लिहिलेला असेल, तर ईआरपीच्या लेखी त्या तीन वेगळ्या वस्तू असतात. प्रत्येकीचा साठा वेगळा आणि पुनर्मागणीची पातळीही वेगळी. परिणामी एका नावाखाली रॅक भरलेला असतानाही दुसऱ्या नावाने पीओ (खरेदीचा आदेश) निघतो. शिवाय तीन पुरवठादार तीन नावांना जोडलेले असल्यामुळे त्यांच्या दरांची तुलना कधी होतच नाही, आणि ती आपोआप व्हावी म्हणून तर हा सारा खटाटोप आहे. म्हणून नावातच आकार, ग्रेड (ताकदीचा दर्जा) ४.६ की ८.८ आणि झिंक प्लेटिंग आहे की नाही, हे ठरलेल्या क्रमाने यायला हवे. ही यादी ऑफिसात बसून करू नकोस. स्टोअरमध्ये जाऊन, वस्तू हातात घेऊन कर.

नावानंतर मोजमापाचे एकक पाहा. तुम्ही १.६ मिलिमीटर जाडीचा, १२५० × २५०० मापाचा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला पोलादी) पत्रा नगावर मागवता आणि पुरवठादार मात्र बिल किलोवर देतो. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर अशा एका पत्र्याचे वजन ३९.२५ किलो येते. परंतु जाडीतील मान्य फरकामुळे काट्यावरचा आकडा थोडा वरखाली होणारच. एककांचे हे रूपांतर आणि वजनातील फरकाची मर्यादा मास्टरमध्ये नोंदवली नाही, तर पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल यांचा मेळ घालणारी यंत्रणा पत्र्याचे जवळजवळ प्रत्येक बिल अडवील. मग लोक वैतागून ती तपासणीच बंद करायला सांगतील आणि खरोखर चुकीची बिलेही पास होतील. मर्यादा सरसकट एकच ठेवू नकोस. पत्र्याला दोन-तीन टक्के चालतील, कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) आणि एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) मात्र नगाला नग जुळलेच पाहिजेत.

दरांच्या तुलनेत सर्वांत जास्त फसगत तांब्याच्या बसबारमध्ये (पॅनेलमधील वीज वाहणाऱ्या पट्ट्यांत) होते. तांब्याचा दर लंडन मेटल एक्स्चेंजच्या भावाबरोबर रोज हलतो, त्यामुळे सोमवारी आलेले कोटेशन आणि गुरुवारी आलेले कोटेशन शेजारी मांडून ‘सर्वांत स्वस्त’ निवडणारी यंत्रणा प्रत्यक्षात पुरवठादार निवडत नसते, वार निवडत असते. येथे धातूचा ठरलेल्या दिवसाचा मूळ भाव आणि त्यावरचे घडणावळीचे शुल्क हे दोन आकडे वेगवेगळे मागवावेत आणि तुलना फक्त शुल्काची करावी. त्या शुल्कात वाहतूक, पॅकिंग आणि उधारीचे दिवस धरावेत; इतर वस्तूंतही हे सारे मिळवून येणारा पोहोच दर हाच तुलनेचा आकडा.

पुनर्मागणीचे गणित सोपे आहे: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. यातले ‘लागणारे दिवस’ यंत्रणा मागच्या नोंदींवरून काढते आणि नाशिकमध्ये नेमके तेच बदलतात. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की मुंबईचा माल अडकतो, दिवाळीत छोटी वर्कशॉप बंद राहतात आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास जड वाहनांना शहरात येणे अवघड जाईल. हे दिवस मागच्या वर्षाच्या नोंदींत सापडणार नाहीत. ते माणसानेच आधी कॅलेंडरमध्ये भरून ठेवावे लागतील.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. खरेदी आपोआप करण्याच्या उत्साहात पैसे देणे मात्र हाताने आणि सवडीने चालू ठेवले जाते, आणि त्याचा भार सातपूर, अंबड, सिन्नरच्या लहान पुरवठादारांवर पडतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी(एच) आणले. त्यानुसार आकारणी वर्ष २०२४-२५ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. ही मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून धावते. अकाउंट्समध्ये बिल चढवल्याच्या दिवसाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून यंत्रणेतला दिनांक जीआरएनवरून घ्यावा आणि व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या मूळ यादीत) उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी), उद्योगाचा वर्ग आणि तो उत्पादक आहे की व्यापारी, हे रकाने असावेत. जो पुरवठादार रात्री आठ वाजता पावडर कोटिंग करून देतो, त्याला आपले पैसे कधी येणार हे विचारायला फोन करावा लागू नये. हे काम यंत्रणा माणसापेक्षा चांगले करते.

जीएसटीची पडताळणीही तिच्यावर सोपव. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवले नसेल, तर जानेवारी २०२२ पासून इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण) खरेदी नोंदींशी ताडून पाहणे हे संगणकाचेच काम आहे.

नवीन पुरवठादार निवडणे, महत्त्वाची वस्तू दोघांत कशी वाटायची हे ठरवणे आणि पुरवठादाराच्या बँक खात्यातील बदल मान्य करणे, ही तीन कामे मात्र माणसाकडेच राहू दे. खाते बदलल्याचा ईमेल आला की जुन्या, आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी आणि मंजुरी दुसऱ्या व्यक्तीने द्यावी. खोट्या ईमेलने होणाऱ्या फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळवणे फार कठीण असते.

पहिले दोन महिने रेट काँट्रॅक्टवरचे (आधीच दर ठरलेले) फास्टनर (नट-बोल्ट वगैरे), लग (तारेच्या टोकाला बसवायचे जोड) आणि केबल टाय एवढेच यंत्रणेवर चालव. तांबे त्यानंतर घे. जॉबवर्क (आपला माल देऊन बाहेरून करून घेतलेले काम) सर्वांत शेवटी, कारण तिथे चलानावर (मालासोबतच्या पावतीवर) बाहेर गेलेला आपलाच माल वर्षाच्या आत परत आल्याची नोंद ठेवावी लागते आणि बहुतेक तयार यंत्रणांचा खरेदीचा भाग ती नीट सांभाळत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावशील, तेव्हा त्याची तयार उदाहरणे बाजूला ठेवून पत्र्याचे हेच किलोतले बिल आणि जॉबवर्कचे एक चलान त्याच्यासमोर ठेव. फास्टनरची यादी पूर्ण झाली की मला पाठव, मी ओळ न् ओळ पाहून देईन.

तुझा हितचिंतक