शिफ्टर घ्यायचाय, पण कुठला?

प्रश्न: पीसीवर अ‍ॅसेटो कोर्सा हा रेसिंग गेम खेळतो. लॉजिटेकचं जी29 व्हील आहे, तीन पेडलचा सेट त्याच्यासोबतच आला. आता शिफ्टर, म्हणजे गिअरचा दांडा घ्यायचाय. एच-पॅटर्न (नेहमीच्या गाडीसारखा, प्रत्येक गिअरची जागा वेगळी) घेऊ की सिक्वेन्शियल (दांडा नुसता पुढे-मागे)? मित्र म्हणतो दोन्ही होणारा महागातला घे, एकदाच काय तो खर्च. जास्त करून जीटी3 (रेससाठी बनवलेल्या स्पोर्ट्स कार) चालवतो, अधूनमधून जुन्या गाड्या. टेबल घरातलंच, सनमायकाचं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मित्राचं ऐकायच्या आधी तुमचंच वाक्य परत वाचा, "जास्त करून जीटी3" असं लिहिलंय तुम्ही. जीटी3 गाडीत गिअरचा दांडाच नसतो हो, स्टिअरिंगच्या मागे बोटांनी ओढायचे पॅडल असतात आणि ते तुमच्या व्हीलवर आधीपासून आहेत. एफ-वनचंही तेच, फेरारीने 1989 मध्ये आपल्या 640 या गाडीला पॅडल लावले, त्यांचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलने त्या गाडीची पहिलीच रेस ब्राझीलला जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही दांडा काढून टाकला. त्यामुळे फक्त जीटी3 साठी शिफ्टर घेणार असाल तर नका घेऊ, त्या पैशात लोडसेलवालं (पायाचा जोर मोजणारं) ब्रेक पेडल बघा, लॅप टाइमला त्याचा खरा फायदा आहे.

पण जुन्या गाड्या "अधूनमधून" का चालवता? मला वाटतं शिफ्टर नाही म्हणूनच. लोटस 49 किंवा बीएमडब्ल्यूची ई30 एम3 पॅडलवर चालवणं म्हणजे पुरणपोळी काट्याचमच्याने खाणं, पोट भरतं पण मजा नाही. तेव्हा माझं मत सरळ आहे, एच-पॅटर्न घ्या. क्लच पेडल तुमच्याकडे आहेच, ते नसतं तर मी आधी ते घ्या म्हटलं असतं, कारण क्लच न दाबता एच-पॅटर्नमध्ये गिअर टाकणं म्हणजे नुसता दांडा इकडून तिकडे.

सिक्वेन्शियल कधी घ्यायचा? रॅली हेच तुमचं मुख्य वेड असेल तर, किंवा टूरिंग कार. अमेरिकेतली नासकारची कप मालिकासुद्धा 2022 पासून सिक्वेन्शियलवर आलीय. त्यात दांडा मागे ओढला की वरचा गिअर आणि पुढे ढकलला की खालचा, आणि हे उगाच ठरवलेलं नाहीये, ब्रेक मारला की अंग पुढे जातं, अ‍ॅक्सिलरेट केलं की मागे, मग हातही त्याच दिशेला सहज जातो. गेममध्ये उलटं सेट झालं असेल तर बदलून घ्या.

आता मॉडेल. जी29 ला लॉजिटेकचाच ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर थेट मागे लागतो, 6 गिअर, आणि रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून सहाव्याच्या जागी न्यायचा. हलका आहे, प्लास्टिकचा खटखट आवाज येतो, गिअर बसल्याचं हाताला फारसं कळत नाही, पण सुरुवातीला चालून जातं. अडचण एकच, त्याला यूएसबी नाही, उद्या दुसऱ्या कंपनीचं व्हील घेतलंत तर अ‍ॅडॉप्टर शोधत बसाल. थ्रस्टमास्टरचा टीएच8ए पीसीला सरळ यूएसबीने लागतो, व्हील कुठलंही असो, 7 गिअर आहेत, धातूचा आहे, आतला सेन्सर चुंबकावर चालतो त्यामुळे घासून झिजत नाही. मित्र म्हणतो तसा तो सिक्वेन्शियलही होतो, पण त्यासाठी वरची प्लेट बदलायची, आणि लोक एकदा बदलतात मग कोण रोज स्क्रू काढत बसतंय! फॅनाटेकच्या शिफ्टरला ते काम खटक्यावर होतं, पण तुमच्या व्हीलबरोबर वापरायचा तर त्यालाही वेगळा यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागेल. मी तुमच्या जागी असतो तर टीएच8ए घेतला असता, चांगला सेकंडहॅंड मिळाला तरी.

आणि टेबलाचं बघा आधी. धातूचा शिफ्टर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जोरात टाकला की सनमायकाची फळी वाकते, क्लॅम्प सरकतो, मॉनिटर हलतो. फळीखाली एक जाड प्लायचा तुकडा लावा, किंवा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा छोटा स्टॅंड करून घ्या. खुर्ची चाकांची असेल तर क्लच दाबताना तुम्हीच मागे जाल, तेही बघा. शिफ्टर डावीकडे लावू की उजवीकडे हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल, आपला हात रोजच्या गाडीमुळे डावा तयार असतो, तर डावीकडेच लावा, स्क्रीनवरचा ड्रायव्हर उजव्या हाताने गिअर टाकत असला तरी दोन दिवसांत लक्षातही राहत नाही.

ई30 साठी एक गंमत सांगतो. त्या एम3 ला युरोपात डॉगलेग गिअरबॉक्स होता, म्हणजे पहिला डावीकडे खाली, दुसरा त्याच्या शेजारी वर. शिफ्टरची प्रत्येक जागा गेमला एक बटण म्हणूनच दिसते, तर कंट्रोल्समध्ये दुसऱ्याच्या जागी पहिला, तिसऱ्याच्या जागी दुसरा असं सरकवत न्या आणि रिव्हर्स पहिल्याच्या जागी टाका.

प्रश्न: मी दहावीत आहे, मला युरो ट्रक सिम्युलेटर 2 साठी शिफ्टर हवाय, पण ट्रकला 12 गिअर असतात ना, मग 6 वाला कसा चालेल? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: चालतो रे. खऱ्या ट्रकमध्येही 12 जागा नसतात, दांड्यावर रेंजचा खटका असतो, तो वर केला की त्याच जागांवर वरचे गिअर मिळतात, स्प्लिटर असेल तर प्रत्येक गिअरचे अजून दोन भाग. गेमच्या सेटिंगमध्ये हे सगळं आहे, व्हीलवरची दोन बटणं त्याला नेमून दे. महागातला घेऊ नकोस, ट्रकमध्ये गिअर घाईने टाकायचा नसतोच. आणि बोर्डाची परीक्षा झाल्यावर घे, म्हणजे घरून पैसे मिळायची शक्यता जरा वाढेल.