आल्टो मिळाला म्हणून हिरमुसू नकोस

जॅझ गायनवृंदात लीड, म्हणजे मुख्य चाल गाणारी वरची ओळ, सगळ्यांनाच हवी असते; आल्टो हा तिच्याखालचा मधला आवाज. पण सी सेव्हन कॉर्डमधले (कॉर्ड म्हणजे एकत्र गायलेले सूर) ई आणि बी फ्लॅट, म्हणजे सी हा सा धरला तर शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, बहुधा मधल्या आवाजांकडे येतात. जॅझचा रंग तिथेच. निषाद जरा चढला की कॉर्ड बेचव.

कागदावर सारख्या दिसणाऱ्या एट्थ नोट्स (अर्ध्या मात्रेचे सूर) स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीत, साधारण दोनास एक गायच्या: पहिली लांब, दुसरी आखूड. चुटकी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. आपल्या भजनी टाळ्यांची सवय इथे नडते. मेट्रोनोम ६० वर लावून त्याचे ठोके दुसरी आणि चौथी मात्रा समज, लय १२० होते.

सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका, भोक पडतं. गाणं संपलं की सूर तानपुरा ॲपशी ताडून पाहा, उतरलाच असेल. आणि रत्नागिरीच्या पावसात पत्र्याखाली तालीम नकोच, ओरडून घसे बसतात.