एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला अंकी (Anki, प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणारं अ‍ॅप) वापरणार असशील तर
अरे वापर की, लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागतात. पण हजारो कार्डांचं आयतं डेक (कार्डांचा संच) घेऊन बसू नकोस, ती बहुतेक अमेरिकेच्या यूएसएमएलईसाठी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेसाठी, बनवलेली असतात आणि आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान युनिव्हर्सिटीच्या पेपरात लाँग क्वेश्चन आला की नुसती कार्डं पाठ असून भागत नाही, तिथे ब्रॅकियल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) आकृती स्वतः काढता आली पाहिजे. स्वतःची कार्डं बनव, लेक्चर झालं त्याच दिवशी, एका कार्डावर एकच प्रश्न. अ‍ॅनाटॉमीला इमेज ऑक्लूजन बेस्ट, म्हणजे आकृतीतली नावं झाकायची आणि ओळखायची, हिस्टोलॉजीच्या (मायक्रोस्कोपखाली बघायच्या टिश्यूच्या) स्लाइडनाही हेच चालतं. रिव्ह्यू (जुन्या कार्डांची उजळणी) चुकले की ढीग साचतो, म्हणून नवीन कार्डं दिवसाला २० च ठेव, डिफॉल्टही तेवढंच असतं, उत्साहात १०० केलीस तर आठवड्यात अ‍ॅपच उडवशील.
थ्रीडी अ‍ॅप्स डिसेक्शनच्या आदल्या रात्री बघायला मस्त, पण कॅडेव्हरमध्ये (डिसेक्शनच्या मृतदेहात) आर्टरी लाल आणि नर्व्ह पिवळी नसते रे, सगळं मातकटच दिसतं, त्यामुळे हॉलला दांडी नको. आणि एमसीक्यू सोडवलेस की आधी चुकलेल्यांचं एक्स्प्लनेशन वाच, स्कोअर नंतर.